आमच्या सुनेचं गोत्र

परवा आमच्या निखिलचं लग्न झालं, इथेच, अधारतालच्या एका हॉलमध्ये. फोटो तुम्ही पाहिलेच... पण त्यामागची एक गंमत सांगितल्याशिवाय मला काही चैन पडणार नाही.

सून अमेरिकेची, क्लारा. आई-वडील लहानपणीच गेले, आत्याने वाढवलं. मार्थाआत्या आणि तिचे मिस्टर कन्यादानाला येणार हे ठरलं, तसं आम्ही गुरुजींना घरी बोलावलं. क्लारा तेव्हा इथेच आलेली होती.

गुरुजींनी वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं विचारली, ती पोरीने धडाधड सांगितली. मग गोत्राची गाडी अडली. गुरुजी म्हणाले, "काही हरकत नाही, काश्यप म्हणू. ज्यांचं माहीत नसतं, त्यांचं काश्यप."

निखिलने तिला ते समजावलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला. म्हणाली, "पण मला माहीत आहे..." त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत म्हणे. मूळ पुरुष अमॉस थर्लो हॅल्डन. अमेरिका नवी नवी होती तेव्हाचा, पाण्यावरच्या पिठाच्या गिरणीचा मालक, आणि दोरही वळायचा. त्याचं नाव नाही का घेता येणार?

मला गलबलून आलं. मांडवात आमच्याकडची माणसं मावणार नव्हती, आणि तिच्याकडचं म्हणून जे होतं ते आत्या, आत्याचे मिस्टर आणि हे एक नाव.

गुरुजी भला माणूस, इकडच्या हिंदीत मुरलेला. म्हणाले, "बहनजी, त्याचा बाप कोण, घराणं कोणतं, तेवढं काढा. चलो, काही तरी जमवू."

झालं... रिटायर झाल्यापासून मला कामच हवं होतं. सकाळचा चहा घेतला की लॅपटॉप उघडायचा आणि वंशावळीच्या वेबसाइटवर हॅल्डन शोधायचे. आमचे हे म्हणायचे, "काहून डोळे फोडून राहिली? स्वतःच्या पणजीचं नाव तरी माहीत आहे का तुला?" मी लक्ष दिलं नाही. पण माहीत नव्हतं, हेही खरं.

अमॉसचा बाप शोधायचा म्हणजे थर्लो हॅल्डन शोधायचा. सरळ आहे ना? आणि सापडला की एक... शिंपी होता. मी इतकी खूश, की गुरुजींना फोन केला, नागपूरच्या नणंदेला सांगितलं, पाटनच्या जाऊबाईंनाही कळवलं. सुनेच्या खापरखापर... जाऊ द्या, कितवा ते मलाही मोजता आलं नाही, पण तिचा पूर्वज शिंपी होता हे सगळ्या गोतावळ्यात झालं.

एकच खटकत होतं. शिंप्याच्या घरात गिरणी कुठून आली, आणि दोर कुठून आला?

मग व्हिडिओ कॉलवर मोठ्या तोऱ्यात मार्थाआत्याला सांगितलं, अमॉसचे वडील सापडले, थर्लो. ती बिचारी गोंधळली. तिने विचारलं, "ते त्याचे वडील, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कोणी कशाला सांगायला हवं, मधलं नाव आहे ना ते.

आत्या हसायला लागली... आणि मग मीही. अहो, आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बाप, नाहीतर नवरा. तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्या म्हणाली, त्यांच्याकडे पुष्कळदा आईच्या माहेरचं आडनाव मुलाच्या नावात मध्ये घालायचे.

त्याच दिवशी मी थर्लो आडनाव शोधलं. बंदराच्या गावचं घराणं, जहाजांचे दोर वळणारं. आणि हॅल्डन त्याच भागातले, गिरणीवाले. गिरणी बापाकडून आली होती, दोर आईकडून. त्या आईने आपलं माहेर लेकाच्या नावात ठेवून दिलं होतं, आणि तो सगळ्या घराण्याचा मूळ पुरुष होऊन बसला.

गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा... बाईचं स्वतःचं नाव?" ते मात्र कुठेच नव्हतं. जिथे तिथे नुसतं 'हॅल्डनची बायको'. गुरुजी म्हणाले, "मग तिच्या माहेराचं घेऊ."

आणि घेतलं हो. गोत्र काश्यपच राहिलं, पण कन्यादानाच्या वेळी गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, "थर्लो-हॅल्डन-कुलोत्पन्नाम्..." त्या सगळ्या संस्कृतात क्लाराला तेवढे दोन शब्द कळले. तिने आत्याचा हात घट्ट धरला, आणि दोघी रडल्या.

पुढे कंकण सोडताना क्लाराने बांधलेली गाठ निखिलला काही सुटेना. जाऊबाई म्हणाल्या, "दोरवाल्यांची लेक केली आहे, आता बस आयुष्यभर सोडवत."

शेवटी तांदळाचं ताट आलं, सुनेचं नवीन नाव लिहायला. माझ्याही वेळी आलं होतं. कुमुद होते, त्या तांदळात शुभांगी झाले. तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि मीही कधी काही बोलले नाही. निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिचं आहे तेच लिही." त्याने अंगठीने लिहिलं, क्लारा.

मी ताट धरून त्या नावाकडेच बघत राहिले, ताट कलायला लागलं. तेवढ्यात हे शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "कुमुद, ताट नीट धर... तांदूळ सांडतील."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

थर्लोंच्या त्या लेकीचं नाव मला शेवटपर्यंत सापडलं नाही. पण तिच्यापायी माझं मला परत मिळालं... बाई, जिथे असशील तिथे, तुझे खूप खूप आभार.