अष्टमीची भगर

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरलीने मला विचारलं, "आजी, तू उपवास मोडून देवीला घरातून घालवलंस का?" हे तिला मोठ्या आजीने, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईने, फोनवर सांगितलं होतं. इतकी वर्षं मी हा विषय तुमच्यापर्यंत येऊ दिला नव्हता. आता तिनेच तो सातासमुद्रापार पोचवला आहे, तर माझी बाजूही तुमच्याकडे असू द्या. मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं. आधीचं आधी, नंतरचं नंतर, अशीच सांगायची मला सवय आहे. मात्र गोड करून सांगणार नाही. मला त्या बाईचा राग आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

आपलं घर परभणीत असलं तरी कुळाचे देव गावाकडे, पिंगळीच्या पुढे, मोठ्या दिरांच्या घरात आहेत. नवरात्रात घट तिथेच बसतो. मातीत गहू पेरतात, वर लाकडी चौकटीला कडक पुऱ्या आणि करंज्या दोऱ्याने टांगतात, त्याला फुलोरा म्हणतात. अष्टमीला घरातल्या सगळ्या बायकांनी उपवास धरायचा. पुरुष धरत नाहीत. ते ओसरीवर जेवून सुपारी कातरत बसतात आणि आमच्या घरची अष्टमी किती कडक, हे आल्यागेल्याला सांगतात.

मीही सुरुवातीला धरत होते. एकदा वर्गात फळ्यासमोर घेरी येऊन पडले आणि सोडून दिला. तेव्हापासून जाऊबाई मला मास्तरीणबाई म्हणते. शब्दात वाईट काही नाही, पण ती तो दातात अडकलेला सुपारीचा तुकडा थुंकावा तसा टाकते.

मोठी आजी ज्या अष्टमीबद्दल बोलते, त्या वर्षी तुमच्या काकूला, म्हणजे माझ्या धाकट्या सुनेला, दिवस गेलेले होते. उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जाऊबाईने ते उडवून लावलं. "पोटात लेकरं असताना आमी नऊ-नऊ दिवस धरले. हिचं काय साखरेचं हाय?" काकूलाही उपवास धरायचाच होता, हे मी लपवत नाही. तिचा देवीवर जीव आहे. मग ती आधी गावाकडे निघाली तेव्हा निदान फराळ तरी नीट व्हावा म्हणून मी तिच्याबरोबर भगरीच्या पिठाचं बंद पाकीट दिलं. जाऊबाईने ते माळ्यावर टाकलं. कारखान्यात कोणाकोणाचे हात लागलेले असतात, देवीच्या दिवशी असलं पीठ तिच्या चुलीवर चढणार नव्हतं. तिचं स्वतःचं पीठ सोवळ्यातलं. पोळ्याच्या सुमारास गिरणी धुऊन घेऊन दळलेलं आणि भादव्याच्या सगळ्या ओलाव्यात पत्र्याच्या डब्यात कोंबून ठेवलेलं. अष्टमीला ती स्वतः फक्त दूध घेते. म्हणजे त्या पिठाची भाकरी काकूने खाल्ली आणि फराळाला आलेल्या एका शेजारणीने खाल्ली. जाऊबाईने खाल्ली नाही.

अष्टमीला मी दुपारच्या गाडीने पिंगळीला उतरले आणि रिक्षाने गावात पोचले. तुमचा काका येलदरीच्या धरणावर ड्युटीला होता. देवघराच्या दारातच उदाचा धूर नाकात गेला. आत घटासमोर पाटावर काकू बसलेली. केस मोकळे सोडलेले, कपाळभर हळदीकुंकू फासलेलं, अंग थरथर कापत होतं आणि दातांवर दात आपटत होते. भोवती गल्लीतल्या बायका हात जोडून बसलेल्या. काकूच्या अंगात आलं आहे, असं त्यांचं ठरून गेलं होतं. सासूबाई गेल्यापासून त्या घरात कोणाच्या अंगात आलं नव्हतं. जाऊबाईच्या तोंडावर इतका आनंद मी तिच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"बोल आई, काय चुकलं आमचं?" ती विचारत होती.

काकू कशीबशी म्हणाली, "थंडी वाजायलीय."

देवीला थंडी वाजतेय म्हणून जाऊबाईने पेटीतला हिरवा शालू मागवला. अर्धा काकूच्या खांद्यांवर टाकला आणि अर्धा घटाभोवती गुंडाळला. मी वर्षानुवर्षं दहावीचे पेपर तपासले आहेत. मूर्खपणाचे पुष्कळ प्रकार पाहिले. हा त्यात नव्हता.

मी खाली बसून काकूचा हात हातात घेतला. तो गार पडला होता आणि घामाने भिजला होता. तिने मला ओळखलं. सगळं दोन-दोन दिसायलंय, असं माझ्या कानाशी पुटपुटली आणि दुसरा हात पोटावर दाबून धरला. मी उठून सांगितलं की हिला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं आहे. जाऊबाई आडवी आली. आरती व्हायची होती. अर्ध्या आरतीतून देवी उठवली तर घराचं वाटोळं होतं, हे तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"अक्का, ही आजारी आहे."

"तुमच्या इंग्रजीत आजारी, मास्तरीणबाई. आमच्यात हिला देवी म्हनतात."

एवढ्यात भाकरी खाल्लेली ती शेजारीण पायरीवर जाऊन ओकली आणि तिथेच बसून थरथरायला लागली. जाऊबाई म्हणाली, "बघा, दोघीत आली." तेव्हा मात्र बायकांचं कोंडाळं जरा मागे सरकलं.

दारात दिरांची जीप उभी होती. मी किल्ली मागितली. बायकांचं बायकांनी बघावं, आरती झाल्यावर काढू, असं ते सुपारीवरून नजर न उचलता म्हणाले. मग मी पलीकडच्या गल्लीतल्या सरांना फोन केला. ते माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. बौद्ध कुटुंब, या घटाशी आणि उपवासाशी त्यांचा काही संबंध नाही. ते चहाचा कप तसाच ठेवून गाडी घेऊन आले. उंबऱ्यावर जाऊबाईने हात आडवा केला. "ह्यो आत नको. घट बसलाय."

मी तिचा हात बाजूला केला आणि म्हणाले, "सर, आत या." त्यांनी काकूला पायांकडून धरलं, मी खांद्याकडून. शेजारणीला तिच्या लेकीने आणून पुढे बसवलं. गाडी निघाली तेव्हा जाऊबाई अंगणात उभी राहून माझ्या माहेरापासून सुरुवात करून जे काही बोलली, ते तुम्हाला लिहून कळवण्यासारखं नाही.

परभणीला डॉक्टरांनी नाडी बघता बघता पहिलाच प्रश्न विचारला, भगर खाल्ली का? जुन्या पिठाला बुरशी लागते, त्याने असंच होतं, म्हणाले. सलाईन लावलं. बाळाचे ठोके सापडेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. ते सापडले.

आरती उरकून जाऊबाई तीर्थ घेऊन आली. काकू कशी आहे हे तिने विचारलं नाही. बाटलीकडे बघून नर्सला विचारलं, "ह्याच्यात मीठ कोनचं हाय? सैंधव का साधं?" नर्सला ती थट्टा वाटली. साधं आहे हे कळल्यावर जाऊबाई म्हणाली, उपवास सुटेपर्यंत सुई काढून ठेवा. मी तिला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं. सांगितलं की या बाळाला काही झालं असतं तर तुमच्या दारात पोलीस उभे केले असते, आणि पुन्हा या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

उलट्या थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, भाताची पेज द्या. काकूने ओठ मिटून घेतले. "उद्या घेते, आई. आज अष्टमी हाय." मला तिचाही राग आला. इतकं होऊनही तिला देवीचीच काळजी. मी चमचा तिच्या ओठांना लावला आणि सांगितलं की हा उपवास मी मोडतेय, पाप लागायचं तर मला लागू दे. तिने वाटीभर पेज घेतली. त्यातही साधंच मीठ होतं.

पुढे गावात बोभाटा झाला की मी परक्या माणसाला घटापर्यंत नेलं आणि देवी अर्ध्यातून उठून गेली. त्यानंतर दिरांचा गुडघा धरला तो माझ्यामुळे, म्हैस आटली ती माझ्यामुळे. देवाधर्मात आपला वाटा उरला नाही, असा निरोप आला. पण गावातच राहिलेल्या शेजारणीच्या लेकीने मला आणखी एक गोष्ट सांगितली. आम्ही दवाखान्यातून परतायच्या आतच जाऊबाईने डब्यातलं उरलेलं पीठ उकिरड्यावर नेऊन ओतलं होतं आणि वर माती ओढली होती. म्हणजे तिला कळलं होतं. कळूनही ती तुम्हाला परदेशात फोन करून देवीचं नाव सांगते. मी तिला माफ करत नाही ते यासाठी.

तुमचा चुलतभाऊ थंडी सरता सरता जन्मला. त्याचं वजन चांगलं होतं आणि रडणं त्याहून चांगलं. काकू अजून अष्टमी धरते. मला पटत नाही, पण मी तिला अडवत नाही. ती रताळं आणि दूध घेते, मी तिच्या समोर बसून वरणभात जेवते. आमच्या घरात घट नाही. गावाकडे दरवर्षी बसतो, आणि जाऊबाईशी माझं बोलणं नाही.