वीट झालेली पोथी

संग्रहालयात सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. जुन्या पोथ्या दुरुस्त करणं हे तिचं काम. एकोणीस वर्षं तळमजल्यावरच्या त्याच टेबलाशी. पण ही पोथी आली आणि तिचं कशातच लक्ष लागेना.

भिक्खूंनी कसं वागावं याचे नियम लिहिलेली त्र्याण्णव ताडपत्रं. पूर्वी कुणीतरी चांगल्या हेतूनेच वर वार्निश फासलं होतं, आणि पोथीची पार वीट झाली होती. ती लिपी वाचणारं आसपास एकच माणूस उरलं होतं: विहारातले म्हातारे भन्ते. त्यांचीही नजर झपाट्याने जात होती.

"गरम पात्याने सोडवा की," साहेब म्हणाले.

"पान सुटेल साहेब, अक्षरं राहणार नाहीत."

"मग एका पानाला किती दिवस?"

"चार."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

घरी ताटावर बसली तरी तिची बोटं पानंच सोडवत असायची. "अगं, जेव. पोथी कुठे पळून जात नाही," नवरा म्हणाला.

"भन्तेंची नजर चाललीय ना!"

शेवटी ती रोज कामाआधी विहारात जाऊन लिपी शिकू लागली.

"मी वाचून देतो की. तू कशाला शिकतेस?" भन्तेंनी विचारलं. ती पाटीवरचं अक्षर गिरवत राहिली. ते खदखदून हसले. "माझ्या मागची सोय होय! बस, बस."

सत्ताविसावं पान तिच्या हातात मोडलं. दुसऱ्या दिवशी ती विहारात गेलीच नाही. चाळिसाव्यापर्यंत भन्तेंना काहीच दिसेनासं झालं. ती अडखळत वाचायची, ते पाठांतरावरून चुका काढायचे. त्या पानाच्या शेवटी मात्र ते थबकले.

"पुन्हा वाच."

"आजारी भिक्खूला एकटं सोडू नये, जरी..." पान तिथेच संपलं होतं.

"हे 'जरी' मला पाठ नाही. एकतर तू चुकलीस, नाहीतर नवीन काहीतरी सापडलंय. पुढचं पान आण."

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप होता. ती उशाशी बसली, तर म्हणाले, "इथे काय करतेस? जा, कामाला लाग." ती गेली. एक्केचाळिसावं पान सुटायच्या आदल्या दिवशी भन्ते गेले.

पानावर होतं: "...तो स्वतः जा म्हणाला."

तिने फोटो लांबच्या एका विद्यापीठात पाठवला. उत्तर आलं, वाचन बरोबर आहे. हा नियम दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाही. पुढची पानं कधी मिळतील?

बावन्न पानं अजून चिकटलेलीच होती. तिने बेचाळिसाव्याच्या कडेला स्पिरिटचा बोळा टेकवला. तिने बोळा खाली ठेवला, उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा बसली.