पत्रावळ बघणाऱ्या अक्का

ज्यांना मी कधी समोर पाहिलं नाही, त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अर्ज सोडून दुसरं काही लिहायची आम्हाला सवय नाही. शिवाय अक्कांवर लिहायचा खरा मान आमच्याबरोबर खेळणाऱ्या भडगावच्या पोराचा आहे. पण तो लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर ते माझ्याच्याने वाचवणार नाही. म्हणून मीच लिहितो.

अक्का कोणाला मरू देत नसत, ही त्यांची पहिली ओळख. आमचा एक गट ऑनलाइन खेळ खेळायचा. आपापल्या घरी बसून सगळ्यांनी एकाच जंगलात शिरायचं आणि राक्षसांशी, अजगरांशी लढायचं. कोणी ढाल घेतो, कोणी धनुष्य, कोणी मंत्र. एकजण मात्र लढत नाही. मागे उभा राहून बाकीच्यांचे घाव भरतो. ते काम अक्कांचं. आम्हाला तिथे नावं नव्हती, गावं होती. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा मी धरणगाव. धनुष्यवाला भडगाव. फक्त दीपनगरला कोणी दीपनगर म्हणालं नाही. माइकवर त्यांचा आवाज आला, मागून कुकरची शिट्टी आली, आणि त्या अक्का झाल्या.

त्या खेळात आल्या त्याच मुळी मुलीच्या जागी. यजमान वीजकेंद्रात नोकरीला, राहायला कॉलनीतलं क्वार्टर. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचं खेळातलं पात्र तसंच पडून राहिलं. "तुळशीला पाणी घालते तसं एक दिवस ते उघडून बघितलं," त्या सांगायच्या. "पोरीने वैद्य करून ठेवलेलं, मग वैद्य. मला कोणी विचारलं थोडंच."

त्यांचं माहेर धुळ्याकडचं. तिथल्या लग्नांत त्यांनी लहानपणापासून पंगती वाढल्या होत्या, आणि खेळातलं सगळं शहाणपण त्यांनी तिथूनच आणलं होतं. जंगलात निघताना आम्ही पिशवीत दिसेल ते कोंबायचो. अक्का म्हणायच्या, "बाजारले जाताना भरेल पिशवी कोन लई जास रे?" मी सगळ्यांच्या आधी पुढे धावलो की म्हणायच्या, "धरणगाव, पान मांडायच्या आधी बसू नये. कोणी वाढत नाही." आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी इतक्यांदा ऐकला की आता झोपेतही म्हणेन: "वाढनारानी पत्रावळ दखानी, तोंड दखानं नही."

म्हणजे ज्याची पडद्यावरची, जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी रिकामी होत आली त्याला आधी द्यायचं. तो आपला कोण, हे बघायचं नाही. गटाला हे फार आवडायचं. मला नाही. मी सगळ्यात पुढे उभा राहायचो, अजगराचा पहिला तडाखा माझ्यावर. पण ढाल जाड, म्हणून माझी पत्रावळ कधी लवकर रिकामी व्हायची नाही. भडगावच्या अंगावर चिलखत नव्हतं. त्याला काटा टोचला तरी पट्टी अर्धी. मग अक्कांचा घाव भरणारा हिरवा उजेड त्याच्यावर. दिवसभर त्याच्यावर. वर तो माइकवर लाडात म्हणायचा, "अक्का, तुम्ही होत्या म्हणून वाचलो." मी दात आवळून अजगराला मारत राहायचो.

दिवाळीच्या सुट्टीत दलदलीतल्या मोठ्या अजगराची लढाई ठरली. दुपारची वेळ, सगळे घरी. अजगर आग ओकतो आणि जमिनीवर थोडा वेळ निखारे राहतात, त्यातून बाजूला व्हायचं असतं. मी झालो नाही. माझी पट्टी खाली आली आणि हिरवा उजेड माझ्यावर आला. काय बरं वाटलं म्हणून सांगू. मी पुन्हा निखाऱ्यांत उभा राहिलो. तेवढ्यात बघतो तर भडगावही पलीकडच्या निखाऱ्यांत उभा. पळायला मोकळी जागा असताना. दोघांच्या पट्ट्या खाली, अक्कांची इकडून तिकडे धावपळ. शेवटी त्यांच्या मंत्राची शक्ती संपली आणि सगळा गट आडवा झाला.

मग अक्का म्हणाल्या, "काय रे भाऊ, दोन्हीजनस्नी पत्रावळ सांडी टाकी का?"

मी म्हणालो, "नेट अडकलं होतं, अक्का."

भडगाव म्हणाला, "माझंही."

"एकाच वेळी? आणि दोघांचं आगीतच?" त्या हसल्या. "आमच्या गावात एक म्हातारा होता. जिलेबीवाला आला की आधीची जिलेबी मांडीखाली लपवायचा. उठला तेव्हा सगळं धोतर पाकाचं. तुम्ही दोघं कपडे बघा आपले."

सगळे हसले. भडगावही हसला. मला मात्र एवढंच लागलं की त्याही वेळी त्या 'दोघं' म्हणाल्या.

हे सगळं मी सोसलं असतं. पण भडगावची मावशी भुसावळला. एकदा तो तिच्याकडे गेला आणि तिथून जवळच्याच दीपनगरलाही जाऊन आला. मला त्याने नंतर सांगितलं, तेही सहज.

"जेवलास?"

"मग. शेवभाजी केली होती. तिखटजाळ. नाही म्हणेपर्यंत वाढत होत्या."

"कशा आहेत दिसायला?"

त्याने बराच विचार केला. "अक्कासारख्याच शेतस रे."

एवढंच. माझ्या गावाहून दीपनगर काही सातासमुद्रांपलीकडे नव्हतं. पण मला कोणी या म्हणालं नव्हतं, आणि न बोलावता जायचं म्हणजे पान मांडायच्या आधी बसणं. ते मला अक्कांनीच शिकवलं होतं. भडगावला बोलावलं होतं का, हे मी त्याला विचारलं नाही.

यजमान निवृत्त व्हायच्या सुमारास अक्का थोड्या गप्प असायच्या. एका संध्याकाळी लढाई लवकर संपली, सगळे जंगलातल्या ओढ्याकाठी नुसते उभे होते. अक्का म्हणाल्या, "वाढणाऱ्याला नेहमी गार जेवण. माले बी एकदाव पहिली पंगतमा बसानं शे. ढाल घेऊन पुढे उभं राहावं, आणि कोणीतरी आपलं ताट बघावं."

गटात ढाल एकच होती आणि ती माझ्याकडे होती. मग त्यांचा कुकर झाला आणि त्या गेल्या.

क्वार्टर सुटलं. सामान धुळ्याला हललं, नेट निघालं. शेवटच्या दिवशी त्यांनी पिशवीतली सगळी औषधं जमिनीवर मांडून ठेवली, ज्याला लागेल त्याने घ्यावीत म्हणून. भडगावने काय घेतलं ते मी नीट बघून ठेवलं.

नंतर गटात घाव भरायला कोणी उरलं नाही. मी ढाल ठेवली आणि त्यांची जागा घेतली. आता मागे उभा राहून मला सगळ्यांच्या पट्ट्या दिसतात. पाच-सहा जण एकदम ओरडतात, मला दे, मला दे. भडगाव अजूनही चिलखत घालत नाही. त्याला मी देतो. हात आखडता घेत नाही. मधूनच कोणीतरी मुद्दाम आगीत उभं असतं, तेही आता मला लगेच कळतं.

परवा कॉलेजात होतो, प्रॅक्टिकलच्या आधी भडगावचा फोन आला.

"अक्का सापडल्या."

"कुठे?"

"खेळातच. धुळ्याला नेट लागलं. पोरीचं पात्र सोडून दिलं, स्वतःचं नवीन बनवलं. दुसऱ्या गटात शेतस."

"तिथेही वैद्यच?"

"नाही रे. ढाल. सगळ्यांच्या पुढे उभ्या राहतात. इतक्या हसत होत्या काल, ऐकायला पाहिजे होतं."

म्हणजे त्याने ऐकलं होतं. मी विचारलं, "मग त्यांचे घाव कोण भरतं?"

"पारोळ्याचा कोणी पोरगा शे. चांगला आहे. पडू देत नाही त्यांना."

मी म्हणालो, "बरं झालं." खरंच बरं झालं. प्रयोगशाळेचं दार उघडलं होतं, मुलं आत जात होती, मी फोन ठेवला. तो पारोळ्याचा पोरगा पत्रावळ बघतो की तोंड, एवढं विचारायचं राहिलं. त्याच्या जागी मी असतो तर तोंडच बघितलं असतं.