ऑस्ट्रेलियातला कोरस

आमच्या व्याह्यांना ऑस्ट्रेलियाविषयी जेवढं ठाऊक आहे, तेवढं पेणपासून रोह्यापर्यंत दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसेल. आणि ते सगळं त्यांना एकाच सिनेमावरून कळलेलं आहे. सिनेमा इंग्रजी, आणि व्याह्यांचं इंग्रजी ‘कंपनी’, ‘शिफ्ट’ नि ‘ओव्हरटाइम’ यापलीकडे जात नाही. तरी ते छातीठोकपणे सांगतात, “तिकडं पाऊस कमी, मेंढरं जास्त, पण मानसं एका सुरातली.”

सिनेमाची सीडी जावईबापूंनी आणली होती. मी लेकीकडे गेले असताना व्याह्यांनी मला समोर बसवून ती पूर्ण दाखवली. गोष्ट चार ओळींची: एका टक्कल पडलेल्या बेकरीवाल्याचं टपाल वाटणाऱ्या बाईवर प्रेम असतं आणि ते तिला सोडून सगळ्या गावाला माहीत असतं. गाणी मात्र एकोणीस. त्यातल्या चार गाण्यांना काही कारण होतं; बाकीची पंधरा विनाकारण. मेंढ्यांची लोकर कातरणारे कातरता कातरता गातात, न्हावी वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यावर ठेवून गातो, आणि नायक भट्टीतून काढलेला ट्रे उघड्या हातांत धरून तीन कडवी म्हणतो. “भाजत नाही का हो त्याला?” मी विचारलं. व्याही म्हणाले, “विहीनबाई, ट्रे सोडा. मागं बगा. कोरस कुटनं आला?”

खरं दुखणं तिथे होतं. व्याही निडीजवळच्या आपल्या गावात भात आणि वाल पिकवतात, पण गाव त्यांना बुवा म्हणतं, कारण चाळीस वर्षं गणपतीत घरोघरी भजन त्यांचंच. बुवांनी ओळ टाकायची, मागच्या कोरसने ती उचलायची, हा रिवाज. मृदंगवाले अजून टिकून आहेत, पण कोरसची चारही पोरं नागोठण्याला कंपनीत लागली. कोणाची पहिली शिफ्ट, कोणाची दुसरी. शेवटी गावाच्या बैठकीत ठरलं: यंदा कोरस उभा राहिला नाही, तर आरतीनंतर स्पीकर लावायचा. “स्पीकरला प्रसाद कोन देनार?” एवढंच व्याह्यांनी विचारलं आणि ते उठून आले.

त्यानंतर त्यांनी तो सिनेमा अभ्यासाला घेतला. एका गाण्यात मेंढपाळांचा कोरस अर्धी मात्रा मागे पडतो, हे त्यांनी मला फोन करून कळवलं. जावईबापूंनी एकदा समजावलं, “बाबा, ते आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. नुसते ओठ हलवतात.” व्याही दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यांचा निष्कर्ष पक्का होता. तिकडचा बुवा कोणाला निरोप धाडत नाही, फोन करत नाही. कामाच्या जागी उभा राहतो आणि सुरू करतो. मग माणसं आपोआप येतात. आपण चाळीस वर्षं आमंत्रणं देत बसलो, हीच चूक.

गणपतीला आठवडा असताना मी पुन्हा लेकीकडे जाऊन परत निघाले, तेव्हा ते मला गाडीत बसवायला निडी स्टेशनवर आले. दुसऱ्या शिफ्टला निघालेली गावची पाच-सहा पोरं फलाटावर मोबाइल बघत उभी होती. व्याह्यांनी माझी वालाची पिशवी बाकावर ठेवली, टोपी नीट केली आणि खड्या आवाजात गजर टाकला. पोरांनी माना वर केल्या. ओळ संपली. आता कोरस. व्याही हात उंचावून थांबले. एक पोरगा म्हणाला, “बुवा, गाडी येतेय!” दुसरा म्हणाला, “आवाज हाय बाकी अजून, व्हय ना रं?” पण ओळ कोणी उचलली नाही.

तो वर गेलेला हात खाली येईना. मला बघवेना. मी आयुष्यात आरतीशिवाय काही म्हटलेलं नाही, पण मी ती ओळ उचलली. पोरं खो खो हसली. व्याही मात्र गंभीरपणे म्हणाले, “विहीनबाई, पट्टी चुकली. पन वेळेवर आलात.”

गणपतीत मी मुक्कामाला गेले. पहिल्या संध्याकाळी स्पीकर आणून ओसरीवर ठेवलेला होता. भजनाला व्याही, मृदंगवाले आणि मी. पहिला गजर सुरू झाला तेवढ्यात फलाटावरची दोन पोरं कंपनीच्या कपड्यांतच आत आली, उभ्या उभ्या झांजा घेतल्या आणि मागे असा काही आवाज दिला की स्पीकरवाला वायर गुंडाळू लागला. एवढ्यात बाहेर रात्रीच्या शिफ्टला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. पोरांनी झांजा खाली ठेवल्या, “येतो बुवा” म्हणाली आणि गेली.

व्याह्यांनी गजर आवरता घेतला नाही. डोळे मिटून ते प्रत्येक ओळीनंतर जुन्या कोरसच्या आवाजाएवढी जागा मोकळी सोडत होते. मी माझ्या परीने ती भरत होते; पण ती जागा चार माणसांची होती.