गादीत शिवलेला हुकूम

दस्तगीर पिंजाऱ्याला भित्रा म्हणणाऱ्या दोघा-तिघांशी मी भांडलोय. शहात्तर साली, आणीबाणीत, त्याचा मेव्हणा निसार बाजाराला म्हणून घरातनं गेला आणि नसबंदीच्या कॅम्पातनं परत आला. घरातच असं घडलेल्या माणसानं सरकारला घाबरायचं नाही, तर कुणी घाबरायचं?

उचगावच्या कडेला, रस्त्यालगतच्या सरकारी जागेत त्याचं पत्र्याचं शेड. कापूस पिंजायचा, गाद्या शिवायच्या, वीस वर्षं तेच. अठ्ठ्याहत्तरला जागा खाली करायची नोटीस आली, तेव्हा मी त्याला मुंबईला मंत्रालयात नेलं. मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस, पण कायद्याची पुस्तकं वाचनालयात बसून वाचलीत. साहेबासमोर हात जोडून उभं राहायची सवय मला नाही. दोन हेलपाटे झाले. मंत्र्यांनी ऐकून घेतलं आणि दीड महिन्यानं हुकूम आला: जागा दस्तगीरला भाडेपट्ट्यानं द्यावी, मोजणी होईपर्यंत त्याला उठवू नये.

दस्तगीरला वाचता येत नव्हतं. मंत्री आपल्याशी हसून बोलले, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं. तो कागद म्हणजे त्याच्या लेखी त्या माणसाचा शब्द.

ऐंशीच्या फेब्रुवारीत रेडिओवर बातमी आली. राज्याचं मंत्रिमंडळ बरखास्त, विधानसभा बरखास्त, राष्ट्रपती राजवट. शेजारचा वखारवाला पिराजी त्या जागेवर कधीपासनं डोळा ठेवून होता. त्यानं चहाच्या गाड्यावर दस्तगीरला गाठून सांगितलं, मंत्रीच गेला तर त्याच्या कागदाला कोण विचारतंय. वर आणि हेही, की ही शहात्तरचीच राजवट परत आलीय, जुन्या मंत्र्याचा कागद ज्याच्या घरात घावंल त्याला उचलणार. दोन्ही गोष्टी साफ खोट्या. पण ते तोंडावर सांगायला मी गावात नव्हतो, शाहूवाडीकडं शेतमजुरांच्या बैठकीला गेलतो.

मंगळवारी परत आलो तर दस्तगीरच्या दारात महसुलाच्या सर्कल साहेबाचा निरोप येऊन पडलेला. गुरुवारी मोजणी, मूळ हुकूम तयार ठेवा, नसेल तर जागा खाली करायचा अहवाल जाईल. मी कागद मागितला.

दस्तगीर म्हणाला, कागद न्हाय.

मी आवाज चढवला. तो पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी बसून राहिला, नजर रस्त्यावर. शेवटी त्याची बायको नजीरा आतनं बोलली, "गादीत शिवलाय त्यांनी."

"मग उसवा."

"गादी गेली, भाऊ. कोडोलीला. लग्नाची हाय."

झडती झाली तर पेटी बघतील, कपाट बघतील, पण गादी कोण उसवतंय, असा त्याचा विचार. नजीराला त्यानं आधी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं, तिनं गादी देऊन टाकली, तेव्हा कुठं त्यानं तिला सांगितलं. कचेरीतनं नक्कल काढायची तर महिना गेला असता.

बुधवारी सकाळच्या एसटीनं निघालो. पन्हाळ्याचा डोंगर दिसायला लागला तसा तो हळूच म्हणाला, "अण्णा, नवरीच्या गादीत मुसलमानानं कागद शिवला म्हटल्यावर लोक काय समजतील? करणी. मग माझी जागा ऱ्हाऊ दे, पोरं तरी ऱ्हातील का?"

माझ्या कुठल्याच पुस्तकात त्याचं कलम नव्हतं.

गादी नेणाऱ्या चिमणाबाईच्या दारात मांडवाचे खांब उभे होते. तिच्याच लेकीचं लग्न. गादी हळदकुंकू लावून माजघरात ठेवलेली, भोवती बायका तांदूळ निवडत बसलेल्या. मी बसमध्येच थाप जुळवली होती, गादीत दाभण राहिलंय म्हणून. माझं तोंड उघडायच्या आत दस्तगीर बोलला. चपला हातात, उंबऱ्याबाहेर.

"मावशी, गादीत माझ्या जागंचा कागद हाय. भ्यालो, म्हणून शिवला. तुमच्या पोरीचं वाईट चिंतलं न्हाय."

सुपं थांबली. ओसरीवरचे दोन बाप्ये उठून उभे राहिले. चिमणाबाईनं गादी ओढून उंबऱ्याशी आणली.

"उसव," ती म्हणाली. "सगळ्यांच्या म्होरं. आणि पावणं, तुम्ही त्यो मोठ्यानं वाचायचा. उद्या कुणी म्हणाय नगं, आत काय हुतं म्हणून."

मी वाचला. गट नंबर, चतुःसीमा, सगळं. तळाशी आलो: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', आणि खाली एका अवर सचिवाची सही. तिथं मी थांबलो. दीड वर्ष हा कागद मिरवला, पण ही ओळ मी कधी नीट वाचली नव्हती. मंत्र्याचं नाव अख्ख्या कागदात कुठंच नव्हतं.

"म्हंजे मंत्री गेला तरी?" चिमणाबाईनं विचारलं.

मी सांगितलं, मंत्री सल्ला देतो, हुकूम राज्याचा असतो, आणि तो राज्यपालांच्या नावानं निघतो. मंत्री गेले, राज्यपाल हायत. आता दिल्लीही त्यांच्याच हातनं कारभार चालवणार. दुसरा हुकूम निघत न्हाय तोवर हा उभा.

"ऐकलंस?" ती दस्तगीरला म्हणाली. "आता शिव." त्याचे टाके वाकडे पडत होते. तिनं दोन टाके उसवून परत घालायला लावले.

गुरुवारी सर्कलनं कागद हातात घेतला आणि म्हणाला, हा तर गेल्या सरकारचा. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं चष्मा पुसला, परत वाचलं आणि मोजणीच्या साखळीवाल्याला खूण केली. पिराजी वखारीच्या दारातनं बघत होता. चार कोपरे मोजून झाले, पंचनाम्यावर दस्तगीरचं नाव चढलं.

अंगठा उमटवल्यावर त्यानं त्याच शाईच्या हातानं माझं मनगट धरलं.

"अण्णा, राज्यपालच बदलला तर?"

"नाव माणसाचं न्हाय, पदाचं हाय. माणूस बदलला तरी पद ऱ्हातंय."

"बरं," तो म्हणाला. हात मात्र त्यानं सोडला नाही.