कुंडीतल्या वाळक्या रोपाचं नाव

मंडळी, आज सकाळी आपल्या गटावर ओळखायला एका रोपाचा फोटो टाकला. हिनं लावलेलं रोप. ही गेल्यावर मी मुलाकडे पुण्याला राहिलो. परत कराडला आलो तर काटकीला एकच पान उरलेलं. नाव कळलं तर नवं आणता येईल, एवढीच आशा.

शाळेतल्या कवितांमधली बकुळ, केतकी अजून तोंडपाठ आहेत. दारातल्या या फुलाचं नाव मात्र हिला कधी विचारलंच नाही.

कुणी कोरांटी म्हणालं, कुणी अबोली. एकानं लिहिलं, "आवं काका, ह्या काटकीला कोण वळखणार? हिचा तरुणपणीचा फोटो टाका की!" एकटाच मोठ्यानं हसलो.

मग आमच्या जुन्या शेजारणीनं, सुनंदानं कोरेगावहून तिच्या झाडाचा फोटो टाकला. जांभळ्या फुलांनी भरलेला. "काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण दिल्यालं हेच रोप. नाव मलाबी ठावं न्हाई. आमी काकूंचं झाड म्हणतो. फांदी घेऊन जावा."

संध्याकाळपर्यंत तो फोटोच बघत बसलो.

उद्या जाणार आहे. फांदी किती खोल रोवायची, कुणी सांगाल का? ते सगळं हीच बघायची.