वाकळेचा घास

निघायच्या दिवशी अव्वानं चटणीचा डबा जुनेरात बांधला. अव्वा म्हणजे आमची आई. आमचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं घरात अर्धी कानडी. जुनेर तिच्या निळ्या सुती लुगड्याचं, धुऊन धुऊन पातळ झालेलं. मी म्हटलं, "अगं, प्लास्टिकची पिशवी आहे की!" तर म्हणाली, "पिशवीचा काय भरवसा? तेल गळलं तर कापड पितंय." दारात गाडी उभी, वडील, आमचे अप्पा, इचलकरंजीच्या यंत्रमागावरची पाळी सोडून आलेले, आणि मी डब्यावरून भांडत बसले. नीट निरोप घ्यायचा राहूनच गेला.

आता मी इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान शहरात राहते. इथल्या कापडगिरण्या कधीच बंद पडल्या, त्यांचे फ्लॅट झाले, त्यातल्याच एकात आम्ही. अप्पांना सांगितलं तर हसून म्हणाले, "म्हंजे तू बी मागाच्या शेडातच की!" तुमच्यातले जे गावाकडं राहिले, त्यांना वाटत असेल बाई सुखात आहे. आहेच. हीटिंग आहे, डिशवॉशर आहे. फक्त मी नेमकी कुठली, हे विचारलं की घोटाळा होतो.

आमच्या गावासारखी इथंही नदी आहे आणि तीही घरात शिरते, हे मला आल्यावर कळलं. नदीकाठचं एक कुरण होतं, पुराचं पाणी पसरायला तेवढीच जागा, आणि तिथं घरं बांधायचं चाललं होतं. हवामान बदललंय म्हणून पत्रकं वाटली, कुणी ढुंकून बघेना. मग रूथ नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं लायब्ररीत बायामाणसं जमवली. प्रत्येकानं घरातलं एक कापड आणायचं, पाण्याची नाहीतर उन्हाची खूण असलेलं. सगळी ठिगळं जोडून मोठी रजई करायची आणि कौन्सिलच्या हॉलमध्ये टांगायची. मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमची वाकळ!

मला अव्वाची हिरवी साडी आठवली. आमच्याकडं पूर आला तेव्हा ती कपाटात दुसऱ्या फळीवर होती. पाणी जिथवर चढलं तिथवर तपकिरी रेघ उमटली, ती काही निघाली नाही. पुढं ती साडी पिठाच्या डब्यावर झाकायला आली. मी फोनवर दहादा बजावलं, "अव्वा, त्यातला रेघेचा तुकडा पाठव. आहे तसाच."

भावानं शहरात, शाहूपुरीतल्या कुरिअरवाल्याकडनं पाठवला. उघडला तर स्वच्छ! इस्त्री केलेला, कापराचा वास, आणि रेघेचा पत्ता नाही. मी फोनवर तोंड सोडलं. ती शांतपणे म्हणाली, "दोनदा सोड्यात उकळला, मग लिंबू घासून उन्हात टाकला. परक्याच्या दारात घाण पाठवत्यात व्हय? काय म्हनतील, हिला वळन न्हाय?"

कपाळ माझं! शेवटी मी तपकिरी दोऱ्यानं त्या तुकड्यावर रेघ भरली. खरा डाग आईनं धुतला आणि खोटा लेकीनं शिवला. रूथनं तो सगळ्यांना कौतुकानं दाखवला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर आणखी एक टोचणी: दर दोन वर्षांनी विमानानं गावी जाणारी मी, धूर मीही काढतेच की. मग ही रजई कुणाला दाखवायची? मलाच? रजई टांगली, कौन्सिलनं कुरणाचा निर्णय पुढं ढकलला. तो आमच्यामुळं की दुसऱ्या कशामुळं, देव जाणे.

महिन्याभरानं अव्वाचा फोन. आवाज नेहमीसारखा चढा. "तुझ्या त्या रजईवाल्या बाईचं मी गल्लीत सांगितलं. आमी बी वाकळ धरली हाय. घरटी एक तुकडा, डागासकट. ज्याच्या घरात आधी पानी शिरलं त्यो खाली, मग वर वर." प्लॉट पाडताना गावाचा ओढा बुजवलेला, त्याचं तोंड मोकळं करा म्हणून ती वाकळ ग्रामसभेत लावायची होती. मी चकितच झाले. डाग लपवणारी माझी आई आता डागांचीच वाकळ शिवत होती! पुढं म्हणाली, "तुझं बी घर हाय न्हवं तिकडं? तुझा तुकडा पाठव. नवं नको, वापरलेलं. ग्रामसभेच्या आत पोचू दे, न्हाईतर तुझ्याबिगरच लागंल."

मी कपाटं उपसली. तुम्हीही माझ्यासारखे बाहेर पडला असाल, तर उपसून बघा. जुनं झालं की आम्ही चॅरिटी शॉपला, म्हणजे दानाच्या दुकानात, देतो. कापड विरेपर्यंत घरात टिकतच नाही. इतकी वर्षं इथं राहिले, पण घरात जुनेर म्हणावं असं काही नाही. रडू आलं मला. मग स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात एक फडकं सापडलं. निळं. तेलाचे डाग पडलेलं. तेच पाठवलं, न धुता.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी अव्वाचा व्हिडिओ कॉल. फडकं हातात. "ह्ये तर माझंच लुगडं! तुझ्या घरचं पाठव म्हनलं होतं की." तिनं ते उलटंपालटं केलं. "आता कुठं लावू? आमच्या घराच्या तुकड्यापाशी, का येगळं?"

"मला नाही सांगता येत, अव्वा," मी म्हटलं. खरंच येत नव्हतं.

तिनं फडकं मांडीवर पसरलं. मग म्हणाली, "थांब, मी लावतो बघ." वाकळ पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात कापडाची तिकोनी घडी शिवतात, तिला घास म्हणतात. घास नसला तर वाकळ उपाशी राहते, असं आमच्याकडं मानतात. तिनं माझं फडकं दुमडलं आणि त्या कोपऱ्यात टाके घालायला लागली.

ग्रामसभेचा फोटो भावानं पाठवला. पंचायतीवाले ओढ्याचं 'बघू' म्हणालेत. बायका म्हणाल्या, बघेपर्यंत वाकळ उतरणार नाही. मी फोटो मोठा करून कोपरा शोधला. निळा घास, तेलाच्या डागासकट. अव्वाला फोन करून विचारलं, "म्हणजे माझं घर त्यात नाहीच ना?"

"घास कुनाच्याच घराचा नसतो गं," ती म्हणाली. "पन त्याच्याबिगर वाकळ पुरी हुत न्हाय."

तिनं मला घरात घेतलं की घराबाहेर काढलं, हे मला अजून कळलेलं नाही.